दहा कुपनांचा पुडा

चहाची पुडी आणि चहाचा पुडा यांत फरक काय, असं मला कोणी विचारलं तर मी दिवेलागणीपर्यंत बोलत बसेन. पुडी म्हणजे जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली मूठभर पत्ती. दोन दिवस पुरली तर पुरली. पुडा म्हणजे कंपनीनं बंद करून पाठवलेला, चौकोनी, लाल कागदाचा, वर किटलीचं चित्र. पुड्यात कूपन निघायचं. पुडीत काही निघायचं नाही, फार तर एखादी काडी. आमचा सगळा बौद्धपुरा पुडीवर चहा पीत होता आणि यात आपलं काही जातंय हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. लग्न होऊन डोणगावात आले त्याला सहा-सात महिने झाल्यावर ते कळलं, आणि कळलं तेव्हा माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आम्ही धर्म बदलला त्यालाही चार-पाच वर्षं होऊन गेली होती. माझं माहेर वरवट बकालचं. सातवी पास होते, आणि जिभेनं तिखट होते, असं माहेरचे म्हणायचे. सासरी खटलं मोठं नव्हतं. आमचे हे खामगावला कापसाच्या जिनात कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचे. घरात मी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणायचे. आत्या बोलायची कमी आणि घाबरायची जास्त, असं तेव्हा माझं मत होतं.

सामान आणायचं दुकान एकच. बाजाराच्या तोंडाशी उंच ओटा, त्या ओट्यावर शेठची गादी, तराजू, मागं डबे आणि बरण्या. गावातली बाकीची गिऱ्हाइकं पायऱ्या चढून ओट्यावर जायची, शेठशी गप्पा मारायची, गूळ तोंडात टाकून बघायची. आम्ही खाली रस्त्यावर उभं राहायचं. खाली ओट्याला लागून एक सपाट दगड होता. त्याच्यावर पैसे ठेवायचे आणि मागं सरकायचं. शेठ वाकून लोट्यातलं पाणी नाण्यांवर शिंपडायचा आणि मग ती उचलायचा. माल वरून पदरात टाकायचा. गुळाचा खडा टाकला तर ठीक आहे, पण चहाची पुडी वरून पडली की बहुतेक वेळा फुटायची. मग अर्धी पत्ती पदरात, अर्धी धुळीत. धुळीतली आमची आम्ही निवडून घ्यायची.

हे सगळं कायद्यानं गुन्हा होतं बरं का. मला माहीत होतं, शेठलाही माहीत होतं. पण फौजदार काही रोज सकाळी मीठ-मिरची घ्यायला आमच्यासोबत येत नव्हता. माहेरी असं नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहेरी बाजार वडील करायचे, म्हणून मला स्वतःला कधी दगडापाशी उभं राहावं लागलं नव्हतं. इथं पहिल्याच दिवशी माझ्या नाण्यांवर पाणी पडलं तेव्हा मी आत्याकडे पाहिलं. आत्या दुसरीकडे बघत होती.

कुपनाचं मला मास्तरीणबाईंमुळे कळलं. शाळेच्या मास्तरांची बायको, बाहेरगावची. तिचं अंगण सारवायला मी जायचे. एक दिवस ती अंगणातल्या चुलीवर चहा ठेवत होती. तिनं नवा लाल पुडा फोडला, आत बोट घालून एक चिठ्ठीएवढा पातळ कागद काढला आणि झटकून डब्यात ठेवला. कागदावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, कूपन. अशी दहा झाली की दुकानात द्यायची, एक पुडा फुकट मिळतो. मी विचारलं, आणि जे सुटी पत्ती घेतात त्यांचं कूपन? ती हसली. म्हणाली, ते दुकानदाराचं.

मी सारवण अर्धं टाकून तशीच बसून राहिले. शेठ आमच्या पुड्या कुठून बांधतो? पुडा फोडूनच ना? म्हणजे आम्ही सगळ्या मिळून पुड्यावर पुडे संपवतो आणि त्यातली कुपनं निघतात ती थेट त्याच्या डब्यात. वरून पत्ती धुळीत. वरून पाणी. मला त्या माणसाचा राग होताच, पण आता तो पोटात जाऊन बसला. त्याच दिवशी मी ठरवलं. मला कंपनीचा पुडा फुकट पाहिजे, आणि तो हातात पाहिजे. पदरात नाही, दगडावर नाही. हातात.

आमच्या विहिरीवर मी बायांना हे सांगितलं तेव्हा कोणी नाचली-बिचली नाही. एक म्हणाली, कूपन बडे लोकांचं असते. दुसरी म्हणाली, तू कालची आलेली, तुले काय ठाव इथलं. तिसरीला वाटलं मी शिकलेली आहे तर काहीतरी काळंबेरं करून पैसे खाईन. मी म्हटलं, बायांनो, आपण पुडी-पुडीनं जेवढे पैसे देतो तेवढ्यात पुडा येऊन वर काही उरते. हिशोब करून पाहा. त्यांनी केला. पुडी महाग पडते हे कळायला कोणाला सातवी पास व्हावं लागत नाही. आठ घरं तयार झाली. आठवड्याला सगळ्यांनी आपापले पैसे माझ्याकडे द्यायचे, मी बंद पुडा आणायचा, पत्ती वाटून घ्यायची आणि कूपन माझ्या पत्र्याच्या पेटीत. दहा झाली की फुकटचा पुडा पुन्हा आठ घरांत.

पहिला पुडा मागितला तेव्हा शेठनं मान वर केली. फोडू नका, बंदच द्या, असं मी म्हटलं. पाहुणे येऊन राह्यले काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, प्यायले पाहिजे. पुडा वरून पदरात आला. कंपनीनं पक्का बंद केलेला असल्यामुळे फुटला नाही, एवढा फायदा लगेच झाला.

वाटणीत मात्र आमची फजिती झाली. मी आपली सुपात पत्ती ओतली आणि अंदाजानं आठ ढीग केले. झालं. जिला तिला शेजारणीचा ढीग मोठा दिसायला लागला. एकीनं तर ढीग उचलून दुसरीच्या जागी ठेवला आणि वर मलाच डोळे दाखवले. शेवटी आत्या आतून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण घेऊन आली, माझ्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि टोपणानं मापून, वर बोट फिरवून, एकेक टोपण टाकत गेली. कोणी ब्र काढला नाही. मग खाली भुगा उरला. भुगा कोणाला नको होता. त्यात एक हुशार निघाली. म्हणाली, द्या मले, माह्यं घर चालवून घेईन. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना कळलं की भुग्याचा चहा जास्त लाल होतो आणि पत्ती निम्मी लागते. मग सगळ्यांनाच भुगा पाहिजे. मग भुगाही टोपणानं.

कुपनं सांभाळणं हेही एक कामच होतं. पहिलं कूपन मी छपराच्या काडीत खोचलं, ते उंदरानं कुरतडलं. कडेचा तुकडा गेला, शिक्का वाचला. मास्तरीणबाई म्हणाली, शिक्का पूर्ण असला की चालते. तेव्हापासून सगळी कुपनं सातवीच्या दाखल्याच्या घडीत घालून पेटीत. आठवड्याच्या आठवड्याला मी ती काढून बायांना दाखवायचे, नाहीतर आळ यायला वेळ लागत नाही. आत्या बाजूला बसून म्हणायची, फुकट काई भेटत नसते, पाहून घेजो. पण टोपण धुवून, पुसून, दुसऱ्या आठवड्यासाठी तीच जपून ठेवायची.

दहावं कूपन आलं तेव्हा होळी होऊन गेली होती, ऊन चढलं होतं. मी कोणाला न सांगता दुकानावर गेले. ओट्यावर तीन-चार माणसं बसलेली. मी कुपनं वर हात करून धरली आणि म्हटलं, दहा झाली, पुडा द्या. शेठनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग बोटानं दगड दाखवला. मी हात तसाच धरून ठेवला. तो डाळ मोजायला लागला. ओट्यावरची माणसं बघायला लागली. मला खोटं सांगायचं नाही, मी एकटी होते आणि घाबरलेही होते. मी कुपनं दगडावर ठेवली आणि मागं सरकले.

शेठ वाकला, लोटा उचलला आणि पाणी शिंपडलं.

त्यानं ते मुद्दाम केलं नाही, हे मी आजही म्हणेन. दगडावर आमची काही वस्तू आली की त्याचा हात लोट्याकडे जायचा, मग ते नाणं असो की कागद. पातळच कागद तो. जांभळी शाई फुटली आणि शिक्क्यांचा नुसता चिखल झाला. तोही पाहत राहिला, मीही पाहत राहिले. मग त्यानं एक कूपन कोपऱ्याला धरून उचललं आणि म्हणाला, ही खराब झाली, कंपनी घेत नाही, पुडा भेटनार नाही. मी म्हटलं, खराब कोनं केली? तो म्हणाला, जा आता, गिऱ्हाइकाची वेळ आहे.

मी ओली कुपनं पदरात घेऊन घरी आले आणि चुलीच्या मागच्या भिंतीला एकेक चिकटवून वाळवली. विहिरीवर सांगितलं. एक म्हणाली, म्या म्हनलंच होतं. बाकीच्यांनी आपापल्या घागरी उचलल्या. आठ घरांनी इतके दिवस माझ्या शब्दावर पैसे दिले होते आणि मी काय आणलं, तर जांभळे डाग. मला रडू येत होतं, पण रागाचं. रात्री जेवताना मी आत्याला म्हटलं, बाजाराच्या दिवशी कंपनीची जीप येते, दुकानापुढे उभी राहते, मी त्या माणसाला विचारणार. आत्या म्हणाली, त्याच्याच दुकानातून मीठ आना लागते आपल्याले. मी म्हटलं, मग मी मीठ सोडीन.

आत्यानं ताट सरकवलं. "तू सोडशील. तुले सोप्पं आहे. म्या त्याच्या बापापासून त्या दगडापाशी उभी हाय. तू नको शिकवू मले."

मी दोघींची ताटं उचलली. पण बेत काही बदलला नाही.

बाजाराच्या दिवशी जीप आली. भोंग्यावर चहाची जाहिरात, कुपनं जपून ठेवा, दहावर एक फुकट, सारखं तेच. कंपनीचा माणूस अकोल्याकडचा, पँटवाला, कानावर पेन्सिल. तो ओट्यावर उभा राहून शेठकडची कुपनं मोजून घेत होता. गड्डीच्या गड्डी होती शेठकडे. ती कोणाच्या चहातली हे मला बरोबर माहीत होतं. आठजणींपैकी चौघी माझ्यासोबत आल्या. आत्या म्हणाली मला मिरची घ्यायची आहे, आणि मागं मागं येऊन मिरचीच्या ढिगापाशी थांबली.

मी खालून हात वर केला आणि कंपनीच्या माणसाला कुपनं दाखवली. तो गावचा नव्हता. त्यानं वाकून सरळ माझ्या हातातून घेतली. उलटून पाहिली आणि म्हणाला, बाई, ही तर भिजली आहेत, शिक्का दिसत नाही, घेता येत नाहीत.

मी म्हटलं, "भिजली कशी ते बी विचारा ना."

तो म्हणाला, कशी भिजली? मी म्हटलं, मला नका विचारू, शेठजींना विचारा. त्यानं मान वळवून शेठकडे पाहिलं. शेठ हसला. हसून झालं तरी कंपनीचा माणूस बघतच होता, मग शेठचं हसणं अर्ध्यावर राहिलं. खाली आता माणसं जमली होती. कोणी मिरची सोडून आलं, कोणी बैल सोडून. मी पुन्हा म्हटलं, सांगा ना शेठजी, पानी कुठून आलं? मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. रोज जे हातानं करतो ते एकदा चारचौघांत, परगावच्या माणसापुढे, तोंडानं म्हणून दाखव. बस, एवढंच.

शेठ म्हणाला, "पाऊस आला असन."

उन्हानं जीपचा पत्रा तापून हात लावू देत नव्हता. मागं कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग बरेच जण हसले, ओट्यावरचेसुद्धा. कंपनीच्या माणसानं दगडाकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं. त्याला काय समजलं आणि काय नाही, मी सांगू शकत नाही. त्याला माझी दया आली असंही मी म्हणणार नाही, त्याला पुढच्या गावी जायची घाई होती. तो एवढंच म्हणाला की ही दहा मी हिशोबात लावून घेतो, बाईला पुडा द्या.

शेठनं फळीवरून लाल पुडा काढला, वाकला आणि दगडावर ठेवला.

मी म्हटलं, हातात द्या. तो म्हणाला, दिला ना, उचल. मी म्हटलं, हातात.  पुडा दगडावर. माझ्यासोबतच्या बाया मागून कुजबुजायला लागल्या, उचल वं, भेटला ना, चल घरी. त्यांचं चूक नव्हतं. पुडा आठ घरांचा होता, माझ्या एकटीचा नव्हता. उचलला तर चहा घरी येतो आणि माझा शब्द राहतो. नाही उचलला तर पुन्हा मीच तोंड वर करून विहिरीवर कशी जाऊ? पण उचलला तर मग मी आले कशाला होते?  मी वाकायला लागले, हे मी लपवत नाही.

तेवढ्यात कोणीतरी मला खांद्यानं बाजूला सारलं. आत्या होती. तिनं वाकून पुडा उचलला आणि मला वाटलं, झालं, ही घेऊन निघाली घरी. तर ती वळली आणि ओट्याच्या पायऱ्या चढायला लागली. एक हात गुडघ्यावर, एका हातात पुडा. ओट्यावरची माणसं आपोआप सरकली. शेठ गादीवरून अर्धवट उठला. आत्यानं पुडा त्याच्या छातीशी असा लावला की त्याला दोन्ही हातांनी धरावाच लागला.

"घे," ती म्हणाली. मग आपला हात पुढं केला. "आता दे."

भोंगा चालू होता, दहावर एक फुकट, दहावर एक फुकट. कंपनीचा माणूस कानावरची पेन्सिल काढून उभा होता. शेठनं तिच्याकडे पाहिलं, बाजाराकडे पाहिलं, आणि पुडा आत्याच्या हातात ठेवला.

मला वाटलं आता ती खाली उतरेल. ती उतरली नाही. तिनं पुडा काखेत धरला आणि दुकानात आत पाहायला लागली. खालून आम्हाला काय दिसायचं? तराजूचं बूड आणि शेठचे गुडघे. आम्ही खालून नाव घ्यायचं, मीठ, तेल, गूळ, चहा, आणि ते वरून यायचं. आत्यानं एका बरणीकडे बोट केलं, ते काय हाये? शेठ म्हणाला, खारीक. दाखव, ती म्हणाली. त्यानं एक खारीक दिली. तिनं ती नाकाशी नेली, बोटांत फिरवली, परत दिली. मग नीळ. मग साबणाची वडी. मग खोबऱ्याच्या वाट्या, मग रंगीत गोळ्या, मग एक कसलासा डबा, तो शेठनं उघडून दाखवला. ती एकेक हातात घ्यायची आणि परत द्यायची. घाई नाही, भाव नाही विचारला. कंपनीच्या माणसानं जीप चालू केली तरी ती पाहतच होती, आणि शेठ दाखवतच होता. शेवटी ती सावकाश पायऱ्या उतरली. विकत काहीच घेतलं नाही. मिरचीसुद्धा नाही.

शेठ सुधारला वगैरे काही नाही हो. पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या कोणाच्या नाण्यांवर पाणी टाकलं असेलच. आम्ही आठजणींनी मात्र त्यानंतर ओट्यावर चढूनच सामान घेतलं. त्याचं तोंड वाकडं व्हायचं, ते त्याचं त्यानं सांभाळावं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी घराकडे चालताना मी आत्याच्या मागं होते आणि वाट पाहत होते, आता ही मला रागावते की शाबासकी देते. बाजार मागं पडला. मग पुडा या काखेतून त्या काखेत घेत म्हणाली,

"इतके वर्स झाले पोरी, त्याच्या दुकानात काय काय भेटते हेच मले ठाव नव्हतं."